रेडिएटर गॅलरीत

पाणी आणि वीज एकमेकांपासून लांब ठेवायची, हे आपण शाळेत जायच्या आधीच शिकतो. त्यामुळे कॉम्प्युटरच्या आतून पाणी फिरवायचं म्हटलं की घरचे दचकतात. बाबा म्हणाले, "पंखा आहे ना त्यात? मग पाणी कशाला?" प्रश्न रास्त आहे. पहिल्यांदाच वॉटरकूलिंगचे भाग निवडणाऱ्या प्रत्येकाने तो आधी स्वतःला विचारावा, कारण भाग कोणते घ्यायचे हे त्या उत्तरावरच ठरतं.

माझं उत्तर आजी आहे. लालबागमधल्या आमच्या घरात बाहेरच्या खोलीत एका भिंतीला आजीची कॉट आणि समोर माझं टेबल. आजी ८१ वर्षांची. लग्न होऊन नगर जिल्ह्यातून इंदूरला आली. तिची मराठी अजून नगरचीच, पण साठ वर्षांत तिच्यात माळव्याची हिंदी अशी मुरली आहे की कुठला शब्द कुठून आला ते तिलाही सांगता येत नाही. रात्री दोन-अडीचला तिची झोप मोडते आणि ती बोलायला लागते: गिरणीच्या भोंग्यावर चालणारं घर, नाताळच्या करंज्या, पहिल्यांदा पाहिलेली ट्राम नव्हे तर टांगा. मी रेकॉर्डर चालू करते. अशी मराठी मला अभ्यासाच्या एकाही पुस्तकात सापडलेली नाही.

त्याच वेळी टेबलावरचा कॉम्प्युटर आदल्या रात्रीच्या रेकॉर्डिंगचा मजकूर तयार करत असतो. हे काम ग्राफिक्स कार्डावर चालतं आणि कार्ड तापलं की पंखे सुसाट सुटतात. ती घरघर आजीच्या प्रत्येक वाक्यामागे येऊन बसते. घरघर काढणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण ती आजीचा श्वास आणि वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा स्वरही खाऊन टाकतात. हे काम दिवसा करावं, तर मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि आजी त्याच खोलीत असते.

म्हणजे मला हवी आहे शांतता. वेग किंवा रोषणाई नको.

इथे एक गैरसमज दूर करू. पाणी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त वाहून नेतं. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे ३,५०० पट उष्णता वाहू शकतं, म्हणून ते या कामात वाकबगार. पुण्याच्या आयसर संस्थेतला 'परम ब्रह्म' हा महासंगणकही याच कारणासाठी पाण्याने थंड ठेवतात. पण आपला माठ जे करतो ते या यंत्रणेला जमत नाही. माठातलं पाणी पाझरतं, त्याची वाफ होते, म्हणून ते हवेपेक्षा गार होतं. इथे पाणी बंद नळ्यांत फिरतं, त्यामुळे ते रेडिएटरभोवतीच्या हवेपेक्षा कधीच थंड होत नाही. खोलीत रेडिएटर ठेवला तर आवाज कमी होईल, पण सगळी उष्णता आजीच्याच खोलीत सुटेल.

यावरचा तोडगा आमच्या शेजारीच आहे. होळकरांच्या लालबाग राजवाड्याचं बांधकाम १८८६ ते १९२१ या काळात झालं. त्याचं स्वयंपाकघर राजवाड्यात नाही. ते नदीच्या पलीकडच्या काठावर आहे आणि भुयाराने राजवाड्याला जोडलेलं आहे. जेवण इकडे, चूल तिकडे! मीही तेच ठरवलं: कॉम्प्युटर खोलीत, रेडिएटर बाहेर उत्तरेकडच्या गॅलरीत. उन्हाळ्यात दुपारी तिथली हवा तापते, पण माळव्यातल्या रात्री उतरतात, आणि माझं काम रात्रीचंच आहे.

मग खरेदीचा क्रम आपोआप लागला. सगळ्यात आधी रेडिएटर. माझ्या कार्डाचे १७० वॅट आणि प्रोसेसरचे धरून साधारण २५० वॅट उष्णता बाहेर टाकायची आहे. १२० मिलिमीटरच्या एका पंख्यामागे शंभरेक वॅट, असा ढोबळ हिशेब करतात. म्हणजे तीन पंख्यांचा ३६० मिलिमीटरचा एक रेडिएटर पुरतो. पण पंखे हळू फिरवायचे तर पृष्ठभाग जास्त लागतो, म्हणून मी दोन घेते आहे, विरळ पात्यांचे. विरळ पात्यांतून हळू पंख्याचीही हवा जाते आणि गॅलरीतली धूळ ब्रशने निघते.

दुसरा निर्णय धातूचा. ब्लॉक तांब्याचा असेल तर रेडिएटरही तांबं-पितळेचाच हवा. त्याच पाण्यात ॲल्युमिनियम आलं की ते गंजत जातं. स्वस्त रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचे असतात, तेव्हा खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा. प्रोसेसरचा ब्लॉक बऱ्याच सॉकेटवर बसतो, पण ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक त्याच कार्डाच्या बोर्डासाठी बेतलेला असतो. म्हणून आधी ब्लॉक मिळतो का ते पाहा, मग कार्ड घ्या.

पंपाबद्दल बाबांना शंका होती: गॅलरीतला रेडिएटर टेबलापेक्षा उंच, तिथवर पाणी चढेल का? इंदूरकरांना हा प्रश्न पडणारच. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, तेही घाट चढून, पंपाने आणावं लागतं. पण बंद चक्रात एकदा पाणी भरलं की उतरणारं पाणी चढणाऱ्याला तोलून धरतं. पंपाला फक्त नळ्यांतल्या घर्षणाशी झुंजायचं असतं. तेव्हा टाकीसकट येणारा डी-फाइव्ह पंप, कमी वेगावर, खाली स्पंजची गादी. पंख्यांचा आवाज गेला की पंपाचीच गुणगुण ऐकू येते.

नळ्या काळ्या रबराच्या. दुकानदार म्हणाला, "दीदी, ट्रान्सपरंट लो, लाइट में मस्त दिखेगा." दिसेल खरं. पण पारदर्शक पीव्हीसी नळ्या कालांतराने धुरकट होतात आणि गॅलरीतल्या उजेडात शेवाळ धरू शकतं. जोडण्या म्हणजे फिटिंग्ज आधीच मोजून ठेवा: प्रत्येक भागाला दोन, म्हणजे माझ्या दहा, शिवाय खिडकीपाशी झटपट सुटणारे दोन जोड आणि पाणी काढायला एक तोटी. बजेट इथेच फुगतं. नळाचं पाणी मुळीच नको, त्यात क्षार असतात. गंज आणि शेवाळ रोखणारं तयार कूलंट, तेही बिनरंगी. दुधाळ रंगाच्या कूलंटचा गाळ ब्लॉकमध्ये बसू शकतो.

दोन वर्षांच्या शिकवण्या आणि भाषांतरं यांतून साठलेले ४० हजार यात जातील. दिवे, काच, रंग यांवर एक रुपयाही नाही. जोडणी झाली की फक्त पंपाला वीज देऊन, बाकी सगळं बंद ठेवून, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर घालून २४ तास पाणी फिरवायचं. कागद कोरडा राहिला तरच पुढे.

काल आजीने विचारलं, "पानी रोज बदलावं लागतं का गं?" मी म्हटलं, "नाही गं आजी, वर्षातून एकदा." "मग बरंय," म्हणाली आणि कुशीवर वळली.

अर्धे भाग अजून यायचे आहेत. तोवर रेकॉर्डिंग थांबवलेलं नाही. ८१ वर्षांच्या माणसाला "जरा पार्सल येऊ दे, मग सांग" असं म्हणता येत नाही. सध्याच्या फायलींत पंख्याची घरघर आहे. ती तशीच ठेवणार आहे.