भिंतीला पोट आलं की...

भिंत कलली, भिंत खचली, भिंत ढासळली असं आपण सहज म्हणून जातो. पण या सगळ्याच्या आधीची जी अवस्था असते, तिला आमच्याकडचे गवंडी 'भिंतीला पोट आलं' म्हणतात. किती नेमका शब्दप्रयोग आहे पाहा! भिंत खाली जागेवर असते, वरही जागेवर असते आणि मधे मात्र फुगलेली. माणसाचं पोट सुटलं की ते सगळ्यांना दिसतं, फक्त त्याला दिसत नाही. भिंतीचं तसंच. घरात रोज वावरणाऱ्याला ते सगळ्यात शेवटी दिसतं.

हा विषय निघाला तो माझ्या पुतणीमुळे. ती ओहायोत असते. तिथे बहुतेक घरांना तळघर असतं आणि तिच्या तळघराच्या एका भिंतीला अर्ध्या उंचीवर आडवी चीर जाऊन भिंत आत आली आहे. दुरुस्तीचा पहिला आकडा बारा हजार डॉलरचा ऐकून ती हबकली. "काका, कुरुळीच्या घराचं काम तुम्ही कसं केलंत, किती लागले, सगळं सविस्तर लिहून पाठवा," म्हणाली. तिला एकटीला लिहिण्यापेक्षा इथेच लिहितो, म्हणजे बाकीच्या मंडळींनाही वाचता येईल. आमच्या घरात तरी कोण दोनदा विचारायचं थांबतंय!

तर आधी घराची मांडणी. आमची जागा उताराची आहे. १९९४ साली पतपेढीचं कर्ज काढून बांधलं तेव्हा उताराचा फायदा घेऊन खाली एक मोठी खोली काढली. तिचं दार आमच्या परसात उघडतं, पण तिची ३० फूट लांबीची मागची भिंत शेजारच्या जमिनीला टेकलेली. शेजारची जमीन खोलीच्या तळापासून तीन फूट उंच होती. नऊ इंची वीटकाम, खाली दगडी जोतं. एवढ्याशा मातीला ते पुरेसं होतं आणि पंचवीसेक वर्षं पुरलंही.

मधल्या काळात कुरुळी बदलली. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेचं, ज्वारी-बाजरीचं खेड तालुक्यातलं गाव. चाकणची औद्योगिक वसाहत वाढत आली तशी शेतं गेली, कंपन्या आल्या आणि जिथे तिथे भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. रस्ते दर वेळी जुन्या डांबरावरच नवं डांबर टाकून केले, त्यामुळे रस्ता वर आणि घरं खाली. शेजारच्या दोन गुंठ्यांचा मालक माझा जुना विद्यार्थी. त्याने खोल्या बांधायला काढल्या तेव्हा जागा रस्त्याच्या बरोबरीला आणायला चार फूट भराव टाकला. आता हिशेब करा. दोन गुंठे म्हणजे २१७८ चौरस फूट, त्यावर चार फूट म्हणजे साधारण ८७ ब्रास. वीसेक हायवा माती! कुठल्या तरी इमारतीच्या पायातून निघालेली काळी माती फुकट मिळत होती, ती त्याने घेतली आणि वर मुरमाचा थर दिला. फुकट ते पौष्टिक.

काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात हात जातो. पाऊस झाला की तीच माती फुगते आणि भेगा मिटतात. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकापासून झालेल्या या मातीत पाणी धरून फुगणारी खनिजं असतात. शेतात फुगली तर तिला वर जायला मोकळं आभाळ आहे. भिंतीमागे कोंडली तर ती भिंतीलाच रेटणार.

२०२३च्या जुलैत खालच्या भाडेकरूने मला हाक मारली. परभणीकडचं जोडपं, तो कंपनीत कंत्राटी कामाला, चार वर्षांची मुलगी. त्यांची कॉट त्या भिंतीला लागून होती आणि कॉटची एक बाजू भिंतीला टेकेनाशी झाली होती. कॉट सरकली नव्हती. भिंत मधे पुढे आली होती. मी ओळंबा आणवला. वरून दोरी भिंतीपासून तीन इंच सोडली, तर मध्यावर अंतर सव्वा इंच. म्हणजे पावणेदोन इंच पोट! आणि बरोबर तिथूनच या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी चीर.

त्या रात्री मला झोप आली नाही. २०१९च्या २९ जूनला आपल्या पुण्यात, कोंढव्यात, सोसायटीची भिंत मध्यरात्रीनंतर मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडून १५ जण गेले. त्यानंतर तीनच दिवसांनी, २ जुलैला, मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची भिंत झोपड्यांवर कोसळली आणि तिसाहून अधिक माणसं गेली. दोन्ही वेळा पाऊस, रात्र आणि भिंतीच्या खालच्या बाजूला झोपलेली माणसं. मी सकाळीच त्या जोडप्याला सामान उचलायला लावून वरच्या पडवीलगतच्या खोलीत आणलं. भाडं अर्थातच बंद. "गुरुजी, एवढं काही नाही हो," असं तोच मला समजावत होता.

मग मंडळी येऊन भिंत बघून जाऊ लागली. पहिल्याने सांगितलं, जाळी मारून प्लास्टर करू, १८ हजार. दुसऱ्याने खोलीच्या आतून तीन काँक्रीटचे टेकू उभे करायला सांगितले, ९० हजार. तिसरा स्ट्रक्चरल इंजिनिअर, ८ हजार फी घेऊन आला, अर्धा तास नुसता बघत बसला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो भिंतीबद्दल नव्हताच. "पाणी कुठून येतंय?" मला तेव्हाच तो पटला. बाकीचे दोघे भिंतीच्या पुढे उभे राहून बोलत होते. हा एकटा भिंतीच्या मागे गेला.

त्याने मला जे गणित समजावलं ते मी मराठी-इतिहास शिकवणारा असूनही कळलं, म्हणून तुम्हालाही कळेल. मातीचा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. माती दुप्पट उंच केली की रेटा चौपट. आमच्याकडे तीन फुटांची सात फूट झाली, म्हणजे रेटा पाचपटींहून जास्त. आणि हे कोरड्या मातीचं. मागे पाणी तुंबलं तर पाण्याचा रेटा वेगळा. सात फूट पाणी ३० फूट लांब भिंतीवर टेकलं तर नुसत्या पाण्याचाच रेटा वीस टनांच्या घरात जातो! नऊ इंची भिंतीने वरचं ओझं पेलायचं असतं, आडवा रेटा सोसणं हे तिचं कामच नाही. जाता जाता त्याने सांगितलं की हा हिशेब मांडणारा पहिला मोठा माणूस म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकात विजेच्या धड्यात भेटतो तोच कूलोम. तो मूळचा लष्करी इंजिनिअर. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधताना मातीशी झगडला आणि १७७३ साली त्याने पॅरिसच्या अकादमीपुढे त्यावर निबंध वाचला. विजेचं काम त्याने पुढे केलं. आमच्या शाळेत कूलोमची नुसती एककं पाठ करून घेत, भिंत कोणी सांगितली नाही. असो.

पाणी कुठून येतंय ते सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. शेजारच्या गच्चीचा पन्हाळीचा पाइप आमच्या भिंतीपासून चार फुटांवर सुटलेला आणि पाच खोल्यांच्या धुण्याभांड्यांचं पाणी तिथेच मुरत होतं. तेव्हा पहिला खर्च केला तो फक्त १४०० रुपयांचा, पीव्हीसी पाइप लावून ते सगळं पाणी पुढच्या गटारात नेलं. भिंतीवर पेन्सिलने तारीख घालून दर रविवारी ओळंबा लावत होतो. पाइप लावेपर्यंत पोट दोन इंचांवर गेलं होतं, त्यानंतर दिवाळीपर्यंत ते सुताभरही वाढलं नाही. पुतणीबाई, हे तुझ्यासाठी अधोरेखित समज. तुमच्याकडे ते कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवतात, पोलादी खांब लावतात, सगळं ठीक आहे. पण पट्टी भिंतीला धरून ठेवते, सरळ करत नाही आणि मागचं पाणी तर मुळीच हटवत नाही. आधी छपराचं पाणी भिंतीपासून आठ-दहा फूट लांब ने, अंगणाचा उतार घरापासून बाहेर कर, आणि मग बारा हजार डॉलरवाल्यांशी बोल.

आमची भिंत मात्र पाण्याने वाचणारी नव्हती, माती होतीच. इंजिनिअरने सांगितलेलं काम असं. मागून भराव पायापर्यंत खणायचा, जुन्या भिंतीला न टेकता सळईची काँक्रीटची संरक्षक भिंत उभी करायची, तिला पाया असा द्यायचा की मागची मातीच तिला दाबून धरेल. तिच्या मागे काळी माती परत न टाकता खडी भरायची, तळाला भोकांचा पाइप घालून पाणी बाहेर काढायचं आणि भिंतीत ठरावीक अंतरावर पाझर-भोकं ठेवायची. अंदाज साडेतीन लाख. माझं पेन्शन किती ते नातेवाइकांना माहीत आहे.

विम्याचं म्हणाल तर घराची पॉलिसी मी २०२२मध्ये काढली होती, 'भारत गृह रक्षा'. पूर, भूकंप, जमीन खचणं सगळं तिच्यात आहे. पण चष्मा लावून पुढचं पान वाचलं, तर भरावाच्या जमिनीची हालचाल आणि सदोष बांधकाम वगळलेलं. पुतणीच्या पॉलिसीतही जमिनीची हालचाल आणि जमिनीतल्या पाण्याचा दाब वगळलेला आहे. सातासमुद्रापार गेलं तरी बारीक अक्षर तेच!

राहिला शेजारी. खणायचं त्याच्या हद्दीत, फरशी फोडायची त्याची. मी गेलो तेव्हा त्याने चहा केला, पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, भिंत तुमची आहे, तुमच्या हद्दीत आहे. मी माझ्या जागेत माती टाकली."

मी म्हटलं, "अरे, माती तुझ्या जागेत आहे, पण ती टेकलीय माझ्या भिंतीला. तू संरक्षक भिंत बांधून भराव टाकला असतास तर खर्च कोणाचा होता?"

तो गप्प बसला. मग म्हणाला, "सगळेच तसंच टाकतात, गुरुजी."

ते खरंच आहे. रस्त्याने जाताना बघा, एकाने भराव टाकला की शेजारचं जुनं घर खड्ड्यात जातं आणि दुरुस्तीचं बिल खड्ड्यातल्याला येतं. वकिलाने नोटीस सुचवली होती. मी पाठवली नाही. दावा किती वर्षं चालेल ते ठाऊक होतं, आणि मला माणूस कोर्टात नको होता, जागा खणायला हवी होती. आठवडाभराने तोच आला. फरशी मी माझ्या खर्चाने परत बसवतो, निघालेली माती मी उचलतो आणि वर एक लाख तीन हप्त्यांत देतो, असं म्हणाला. त्याच्या बायकोने त्याला काय ऐकवलं असेल ते मी विचारलं नाही. तीही माझीच विद्यार्थिनी.

काम २०२४च्या फेब्रुवारीत, कोरड्यात केलं. बोळात जेसीबी शिरेना, म्हणून हाताने खणावं लागलं, आणि तेही एका वेळी दहा-दहा फूटच, जुनी भिंत आतून टेकू लावून. सगळं एकदम उघडलं तर धोका. मजुरी त्यामुळेच वाढली, ती ४८ हजारांवर गेली. सळई ६२ हजार. सिमेंट, खडी, क्रश सँड, सेंटरिंग, गवंड्यांची मजुरी सगळं धरून एकूण ३,५६,००० रुपये, फरशी आणि माती उचलणं वेगळं. आठ महिन्यांचं बुडालेलं भाडं मी त्यात धरलेलं नाही. जुन्या भिंतीचं दोन इंच पोट तसंच आहे. ते सरळ करायला आणखी दीड लाख सांगितले, मी नको म्हटलं. आता तिच्यावर मागून काही टेकत नाही, तिने पोट घेऊन खुशाल उभं राहावं.

भाडेकरू मार्चअखेर खाली परत गेले. त्यांची कॉट मी समोरच्या भिंतीला लावायला लावली, तेवढा आग्रह मास्तरकीचा. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा तळाच्या पाइपातून करंगळीएवढी धार आली, मातकट, मग स्वच्छ. दर पावसाळ्याआधी त्या पाइपात काठी घालून बघायचं, असं इंजिनिअरने सांगितलं आहे, आणि ते काम त्या छोट्या मुलीने आपणहून घेतलं आहे. विद्यार्थ्याचे दोन हप्ते आले, तिसरा यायचा आहे.