भावजयीचं कार्ड

आर्कान्सातल्या फेटव्हिलहून पश्चिमेला निघालेला ६२ क्रमांकाचा रस्ता प्रेरी ग्रोव्ह, लिंकन ही गावं मागे टाकत ओक्लाहोमात शिरतो आणि टालेक्वाला पोचतो. टालेक्वा ही चेरोकी नेशनची राजधानी; चेरोकी म्हणजे अमेरिकेतली एक मूळ जमात. १८३८-३९ मध्ये जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायनातून हाकलून दिलेले चेरोकी याच मुलखात येऊन पडले. सुमारे १६ हजारांपैकी ४ हजार छावण्यांत आणि वाटेत दगावले, असं मानतात. रस्त्याकडेला आज ओकची झाडी आहे, कुरणांत गुरं चरतात. गाडी माझी अमेरिकन सून चालवत होती, शेजारी विहीणबाई, मागे मी.

विहीणबाईंची पणजी चेरोकी होती, असं त्यांच्या माहेरी सगळे सांगत आले. अमेरिकेच्या दक्षिण भागात ही कथा घरोघरी ऐकू येते, आणि कित्येक घरांत ती पणजी थेट राजकन्या असते. चेरोकींमध्ये राजकन्या नव्हत्याच. विहीणबाईंच्या माहेरी पुरावा म्हणून पणजीचा एक फोटो होता. काळेभोर केस, वर आलेली गालाची हाडं. तेवढ्यावर सगळ्यांचा विश्वास बसलेला.

मग विहीणबाईंनी डीएनए चाचणी केली. मूळ अमेरिकन वंशाचा वाटा शून्य निघाला. पणजी पूर्ण चेरोकी असती तर तो सरासरी साडेबारा टक्के असायला हवा होता. पण नुसत्या शून्याने निकाल लागत नाही, असं माझं मत होतं. चाचणी करणाऱ्या कंपन्यांकडे अमेरिकेतल्या जमातींचे नमुने फार थोडे आहेत, आणि वंशाच्या टक्केवारीवरून माणूस नेमक्या कोणत्या जमातीचा, हे कळत नाही. शिवाय जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीत टालेक्वाचे एक निवृत्त शिक्षक होते, चेरोकी नेशनचे नागरिक. जुळणी ७९ सेंटिमॉर्गन (डीएनए किती जुळतो, याचं हे माप). एवढं साधारण तेव्हा जुळतं, जेव्हा दोघांचे खापरपणजोबा-खापरपणजी एकच असतात. सुनेला वाटलं, सापडली पणजी!

जुळणीवरून पूर्वज सामाईक आहे एवढंच समजतं. तो कोण, हे कागदात शोधावं लागतं. म्हणून आधी फेटव्हिलच्या वाचनालयात वंशावळींच्या विभागात बसलो. १८८० च्या शिरगणतीत ते घर सापडलं: आई-बाप, आठ वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांची मुलगी. ती मुलगी म्हणजेच पणजी. वर्णाच्या रकान्यात सगळ्यांपुढे गोरे असल्याची खूण. शिरगणतीवाला दिसेल ते लिहीत असे, म्हणून तेवढ्यावरही मी थांबले नसते. १८९० च्या शिरगणतीचे कागद १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ उरलेच नाहीत. १९०० मध्ये पणजी लग्न होऊन आर्कान्सातच नांदताना दिसते. भावाचा मात्र तिथे पत्ता नाही.

तो टालेक्वात सापडला. गावातल्या पाट्या इंग्रजीबरोबर चेरोकी लिपीतही आहेत. सिक्वोया यांनी १८२१ मध्ये सिद्ध केलेली ही लिपी. तिथल्या एका संशोधन केंद्रातल्या बाईंनी ‘ओसियो’ म्हणून स्वागत केलं, आमची नावं-सालं मुकाट्याने टिपून घेतली आणि थोड्या वेळात पडद्यावर एक कार्ड आणलं.

हे डॉझ कार्ड. चेरोकींची सामाईक जमीन तोडून माणशी वाटण्यासाठी अमेरिकी सरकारने १८९३ मध्ये डॉझ आयोग नेमला आणि १८९८ ते १९०६ या काळात माणसांच्या याद्या केल्या. जमीन हातची घालवणारे हे कागद, आणि आज चेरोकी नेशनचं नागरिकत्व त्यांच्यावरच ठरतं. थेट पूर्वज यादीत दाखवावा लागतो, डीएनएची टक्केवारी चालत नाही. ते मला अगदी योग्य वाटतं. ज्या समाजाने एवढं सोसलं, त्याच्यात कोणाला धरायचं हे त्यानेच ठरवावं.

कार्डावर पहिल्या ओळीत एक चोवीस वर्षांची बाई. पुढे यादीतला क्रमांक, वय, रक्ताचा अंश पाव. खाली दोन मुलं, अंश एक अष्टमांश. मुलांच्या बापाच्या रकान्यात फेटव्हिलच्या त्या आठ वर्षांच्या मुलाचं नाव, आणि लगेच शेरा: नागरिक नाही. सोबत त्याची जबानी होती. जन्म आर्कान्सातला, आई-बापांची नावं तीच, वर्ण गोरा. स्वतःसाठी काही मागत नाही, बायको-मुलांची नावं घ्या, एवढंच म्हणणं. १ नोव्हेंबर १८७५ नंतर चेरोकींमध्ये लग्न केलेल्या गोऱ्यांना जमिनीत हक्क नव्हता.

म्हणजे ते ७९ सेंटिमॉर्गन आर्कान्सातल्या गोऱ्या शेतकरी जोडप्याकडून आलेले. चेरोकी होती ती पणजीची भावजय. तिची गोष्ट पुढच्या पिढ्यांनी नणंदेला चिकटवली असणार. माझ्या सासरची नावं नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यात पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली आहेत. तिथे नणंद-भावजयीची अशी अदलाबदल होत नाही, कारण जो जातो तो स्वतः नावं सांगून येतो.

विहीणबाईंचा चेहरा पडला. दुपारी ते शिक्षक भेटायला आले. त्यांनी आपल्या पणजीचा, म्हणजे कार्डावरच्या त्याच बाईचा, १९०७ चा अर्ज आणला होता. मूळच्या पूर्वेकडच्या चेरोकींना द्यायच्या भरपाईसाठी आयुक्त गियन मिलर यांच्याकडे तेव्हा सुमारे ४६ हजार अर्ज आले. अर्जात आजी-आजोबा, काका, आत्या, मावश्या सगळ्यांची नावं विचारलेली, त्यामुळे आख्खं गणगोत समोर येतं. चेरोकींची सात कुळं, आणि कूळ आईकडून येतं, हे त्यांनी समजावून सांगितलं. गोऱ्या नवऱ्याला कूळ नव्हतं, मुलांना होतं. मग विहीणबाईंकडे वळून म्हणाले, “तुम्ही माझी बहीण लागताच. फक्त चेरोकी बाजूने नाही.” पणजीच्या भावाचं पुढे काय झालं, हे विहीणबाईंच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. शिक्षक ते सांगू लागले, आणि ऐकत त्या संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत.

रात्री मुक्कामी त्यांनी आपल्या वंशवृक्षात पणजीपुढचा ‘चेरोकी’ हा शब्द खोडला आणि तिच्या भावजयीचं नाव डॉझ क्रमांकासकट भरलं.

आता आपल्याकडच्याही बऱ्याच घरांत अमेरिकन सुना-जावई आहेत. त्यांच्या घराण्यात अशी कथा असेल, तर चाचणीवर पैसे घालण्याआधी आजी-पणजीची लग्नाची नोंद आणि शिरगणती काढा, मग डॉझ यादी बघा. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर ती फुकट शोधता येते.