एक झरा, दोन शिफ्ट

ऑरलँडो म्हटलं की डिस्नी! ऑनसाइट आलेला इंजिनीअर असो, नाहीतर लेकीकडे सहा महिने राहायला आलेले आई-बाबा असोत, पहिला वीकएण्ड मिकी माऊसच्या नावानं जाणार हे ठरलेलं. त्यात वाईट काहीच नाही. पण तिकिटाचे डॉलर मनातल्या मनात रुपयांत गुणून झाले, रांगेत उभं राहून पायांचे तुकडे पडले, की पुढच्या वीकएण्डला काय, हा प्रश्न उरतोच. उत्तर जवळच आहे. आय-फोर हायवेला लागायचं, पाऊण तासात ऑरेंज सिटी नावाचं छोटं गाव गाठायचं आणि गेटवर अख्ख्या गाडीचे मिळून सहा डॉलर टेकवायचे. ‘ब्लू स्प्रिंग स्टेट पार्क’ असं या जागेचं नाव.

आता ‘स्प्रिंग’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर वज्रेश्वरीची वाफाळती कुंडं येतात. हे तसलं प्रकरण नाही. हा झरा साधारण साडेबावीस अंश सेल्सिअसचा, तोही बारा महिने तेरा काळ. आजोळच्या विहिरीचं पाणी आठवा. मे महिन्यात गारेगार आणि डिसेंबरात कोमट लागायचं ना? फण्डा तोच. पाणी बदलत नाही, बाहेरची हवा बदलते. फरक इतकाच, की ही विहीर दिवसाला जवळपास ३८ कोटी लिटर पाणी वर फेकते आणि ते निळंशार पाणी अर्ध्या किलोमीटरहून थोडं जास्त वाहत जाऊन सेंट जॉन्स नदीला मिळतं.

या पाण्याला गिऱ्हाइकं दोन. एक आपण, दुसरी मॅनेटी. मॅनेटी म्हणजे समुद्रगाय. तीन मीटर लांब, चारपाचशे किलो वजनाची, पूर्ण शाकाहारी आणि स्वभावानं एकदम कूल. दिसायला सील माशाची मावशी वाटली, तरी नातं हत्तीशी. तिच्या पुढच्या वल्ह्यांवर चक्क हत्तीसारखी नखं असतात! १४९३ मध्ये कोलंबसानं कॅरिबियन समुद्रात ‘जलपऱ्या’ पाहिल्या आणि त्या चित्रातल्याइतक्या सुंदर नसल्याची नोंद केली. त्या बहुधा याच बाई असाव्यात.

एवढा मोठा देह पाहून वाटतं, हिला कसली थंडी? पण हिच्या अंगावर व्हेलसारखा चरबीचा जाड थर नाही. पाणी वीस अंशांच्या खाली गेलं आणि बरेच दिवस तसंच राहिलं, तर ती आजारी पडते, मरतेही. म्हणून नदी गार पडू लागली, की मॅनेटींचा जथा या झऱ्यात मुक्कामाला येतो. आणि म्हणूनच ब्लू स्प्रिंगचं टाइमटेबल एकदम सरळ आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत झरा मॅनेटींचा. पोहणं बंद, ट्यूब बंद, कयाक बंद. एप्रिल उजाडला की शिफ्ट बदलते आणि पाणी माणसांना मिळतं. पोहणं आणि मॅनेटी एकाच ट्रिपमध्ये ‘कव्हर’ करायचं डोक्यात असेल, तर ते इथं जमणार नाही. दोनदा यायचं.

आधी थंडीतली शिफ्ट. जानेवारीतली सकाळ, पारा पाच अंशांवर, थर्मासमध्ये चहा आणि अंगावर घरातले असतील-नसतील तेवढे स्वेटर. थंडी जितकी कडक, तितकी गर्दी जास्त, आपली नाही, मॅनेटींची! झऱ्याच्या काठानं लाकडी बोर्डवॉक आहे. पाण्यावर वाफ तरंगत असते, काठच्या ओकवरून शेवाळासारख्या जटा लोंबत असतात आणि तळाशी करड्या शिळा पडलेल्या दिसतात. मग त्यातली एक शिळा हळूच वर येते, दोन नाकपुड्या उघडतात, ‘फुस्स’ आवाज होतो आणि शिळा पुन्हा खाली. दर तीनचार मिनिटांनी हाच कार्यक्रम. बाकी काही घडत नाही. गावच्या तळ्यात म्हशी डुंबताना बघत बसण्यात जे सुख आहे, ते सगळं इथं आहे. मोबाइल खिशात कधी गेला हेसुद्धा कळत नाही.

सकाळी एक होडी शांतपणे झऱ्यातून फिरते. ती हजेरी घेणारी होडी. कोण आलं, कोण नाही, याची मोजदाद रोज होते. हे लोक एकेका मॅनेटीला ओळखतात. कशावरून? पाठीवरच्या व्रणांवरून. मोटरबोटींच्या पंख्यांनी कापलेल्या त्या खुणा. मोठ्या मॅनेटींत बिनव्रणाची पाठ शोधावी लागते. बोर्डवॉकवर पोरांचा किलबिलाट चालू असतो, पण ही गोष्ट कळली की मोठी माणसं जरा गप्प होतात.

हजेरीचा आकडा मात्र भारी आहे. १९७०च्या सुमारास, झाक कुस्तो आपला कॅमेरा घेऊन इथं आला तेव्हा, मॅनेटी होत्या जेमतेम डझनभर. १९७२ मध्ये सरकारनं ही जागा विकत घेऊन पार्क केलं. जानेवारी २०२४ मध्ये एका दिवसाची हजेरी लागली ९३२! पन्नास वर्षं हिवाळ्यात लोकांना ‘नाही’ म्हणत राहिल्यामुळे काय होतं, याचा हा रिझल्ट.

पण म्हणून सगळं आलबेल नाही. २०१७ मध्ये मॅनेटीचा सरकारी दर्जा ‘नष्ट होण्याच्या मार्गावर’वरून एक पायरी सुधारला. आणि २०२१ या एकाच वर्षात फ्लोरिडात अकराशेच्या आसपास मॅनेटी मेल्या. अटलांटिक किनाऱ्यावरच्या खाडीत सांडपाणी आणि खतं उतरली, पाणी शेवाळानं गढुळलं, ऊन तळाशी पोहोचेना आणि समुद्रगवत मेलं. बिचाऱ्या उपाशी मेल्या. पुढचे दोन हिवाळे सरकारला त्यांच्यापुढे लेट्यूसच्या राशी ओताव्या लागल्या.

ब्लू स्प्रिंगची काळजी वेगळी आहे. हा झरा जमिनीखालच्या ज्या चुनखडीच्या जलसाठ्यातून येतो, त्याच साठ्यावर ऑरलँडोचे नळ, हिरवीगार लॉन्स आणि गोल्फ कोर्स चालतात. तुमच्या अपार्टमेंटच्या शॉवरमध्ये येतं, ते याच पाण्याचं भावंडं. उपसा वाढला की झऱ्याचा जोर घटतो आणि नदीचं गार पाणी आत घुसतं. म्हणजे उबदार खोली लहान होते, तीही पाहुणे वाढत असताना. म्हणून २००६ मध्ये इथं झऱ्याचा किमान प्रवाह कायद्यानं ठरवून दिला गेला. शहर वाढतंच आहे, त्यामुळे ही ओढाताण पुढेही राहणार.

मग कुणीतरी म्हणतंच, ‘क्रिस्टल रिव्हरला जा ना, तिथं मॅनेटींबरोबर पोहता येतं.’ खरंय. पश्चिम किनाऱ्यावरचं ते गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. वेटसूट, स्नॉर्केल, गाइड, सगळं मिळतं. नियमही आहेत. पाठलाग नाही, घेरायचं नाही, झोपलेलीला उठवायचं नाही. नियम पाळणारा ग्रुप मिळाला तर अनुभव सही आहे. पण थंडीत दचकून उठलेली मॅनेटी ऊब सोडून गार पाण्याकडे निघते, आणि आपल्या सेल्फीची किंमत तिच्या अंगातली उष्णता मोजते. माझं मत विचाराल तर हिवाळ्यात बोर्डवॉकच बरा. दुरून दिसतं ते कमी नाही.

पोहायला एप्रिलनंतर या. बाहेर घामाच्या धारा, आत विहिरीचा गारवा. झऱ्याच्या तोंडाकडे पोहत जा, पाणीच तुम्हाला मागे ढकलतं. ट्यूबवर आडवे व्हा, प्रवाह आपोआप खाली आणून सोडतो. खाली मासे, कासवं स्पष्ट दिसतात. आणि जिथं तुम्ही तरंगताय, तिथंच जानेवारीत नऊशे जणींचा मुक्काम होता, हे आठवलं की पाणी जरा जपूनच वापरावंसं वाटतं.

जाताना लक्षात ठेवा

मॅनेटी कधी? डिसेंबर ते फेब्रुवारी, थंडीची लाट आल्यावर, भल्या सकाळी. पार्क आठला उघडतं. वीकएण्डला पार्किंग भरलं की गेट बंद होतं, मग बसा ताटकळत. शक्यतो मधल्या वारी सुट्टी टाका.

हिवाळ्यातही पोहायचंच असेल तर? जवळच ‘डी लिऑन स्प्रिंग्ज’ आहे. तिथं बारा महिने पोहता येतं. शेजारच्या रेस्टॉरंटमध्ये टेबलावरच तवा असतो. पीठ ओता, आपापला पॅनकेक उलटा. घावन घालता येत असतील तर शेजारच्या टेबलावर इम्प्रेशन गॅरंटीड!

काय करू नये? मॅनेटीला हात लावणं, खायला घालणं, नळीनं पाणी पाजणं, सगळं बेकायदा. आखून दिलेल्या भागाबाहेर पोहू नका, नदीत मगरींचे भाऊबंद आहेत.

सोबत काय? ध्रुवीकरण केलेला, म्हणजे पोलराइज्ड गॉगल. पाण्यावरची चकाकी जाते आणि ‘शिळा’ कुठली, मॅनेटी कुठली ते लगेच कळतं.