टॅम्पाचे नऊ वार

आपल्याकडून फ्लोरिडाला जाणारी मंडळी ऑरलँडोला डिस्नेवर्ल्ड बघतात, मायामीचा समुद्रकिनारा बघतात आणि परत येतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या टॅम्पाला मुद्दाम कुणी जात नाही. मी गेले ते माझा आतेभाऊ तिथे राहतो म्हणून. दोन आठवडे राहिले आणि निघताना वाटलं की या गावाबद्दल आपल्या इंदूरच्या मंडळींना सांगायलाच हवं.

टॅम्पाचा जुना भाग म्हणजे ईबोर सिटी. १८८५ मध्ये व्हिसेंते मार्टिनेझ ईबोर नावाच्या उद्योजकाने इथे सिगारचे कारखाने सुरू केले आणि क्युबा, स्पेन, इटलीहून कामगार आले. कारखान्यात शेकडो माणसं ओळीने बसून तंबाखूची पानं वळायची आणि उंच चौथऱ्यावर बसलेला एक वाचक त्यांना वर्तमानपत्रं, कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याचा पगार कामगार स्वतःच्या खिशातून द्यायचे. आज तिथल्या विटांच्या इमारतींत उपाहारगृहं आहेत आणि रस्त्यावर कोंबड्या बिनधास्त फिरतात. खाण्याच्या बाबतीत हे गाव आपल्याइतकंच हट्टी आहे. क्युबन सँडविच खरं आमचं की मायामीचं, हा वाद आजही चालू आहे.

दुसरी ओळख म्हणजे समुद्री चाचे. होजे गॅस्पर नावाच्या चाच्याची दंतकथा इथे सांगतात. असा कुणी होऊन गेल्याचा पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही, पण त्याच्या नावाने १९०४ पासून गॅस्परिलाचा उत्सव होतो. जानेवारीत मिरवणूक निघते आणि लोक चाच्यांचे वेष करून नाचतात. गावाच्या फुटबॉल संघाचं नावही चाच्यांवरूनच आहे, बकेनिअर्स. रेमंड जेम्स स्टेडियमच्या एका टोकाला १०३ फूट लांबीचं चाच्यांचं जहाज बांधलं आहे. संघाने जितके गुण केले तितक्या तोफा त्यावरून उडतात.

मी तिथे होते तेव्हा चक्रीवादळांच्या खुणा पुरत्या पुसल्या नव्हत्या. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस हेलीन आणि ९ ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन, अशी दोन वादळं या भागाला धडकली होती. खाडीपलीकडच्या सेंट पीटर्सबर्गमधल्या बेसबॉलच्या बंदिस्त मैदानाचं छप्पर फाटून गेलं होतं. जानेवारीतही काही घरांवर निळी ताडपत्री दिसत होती. अशा गावात ५ जानेवारी २०२५ ला मोसमाचा शेवटचा साखळी सामना होता, न्यू ऑर्लिन्स सेंट्सविरुद्ध. दादाने तिकिटं आधीच काढून ठेवली होती.

हा खेळ समजायला एकच गोष्ट लक्षात ठेवा. मैदान १०० यार्डांचं असतं आणि यार्ड म्हणजे आपला वार. आजीच्या नऊवारीतला, कापडाच्या दुकानातला, तीन फुटांचा. चार प्रयत्नांत दहा वार पुढे सरकायचं, जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रिसीव्हर तो झेलून पळतो आणि जितका पुढे जाईल तितके वार त्याच्या नावावर जमा होतात. मोसमात हजार वार म्हणजे रिसीव्हरचा मोठा मान. ग्रीन बेच्या डॉन हटसनने १९४२ मध्ये तो पल्ला पहिल्यांदा गाठला.

हजार वार म्हणजे ९१४ मीटर. सकाळी फिरायला निघालेले आजोबा दहा-बारा मिनिटांत तेवढं चालतील. पण इथे प्रत्येक वारामागे शंभर किलोचा गडी अंगावर येतो. सतरा सामन्यांत हजार म्हणजे दर सामन्याला सरासरी ५९ वार, आणि मध्ये दुखापत झाली तर गणित कोसळतं.

टॅम्पाच्या माइक एव्हान्सने हे गणित २०१४ पासून, म्हणजे पहिल्याच मोसमापासून, सलग दहा वर्षं सोडवलं होतं. कारकिर्दीची अशी सुरुवात दुसऱ्या कुणाचीच नाही. काही वर्षं अगदी काठावरची होती. २०१७ मध्ये १००१, २०२० मध्ये १००६. अकरावं वर्ष साधलं तर जेरी राइसच्या सलग अकरा मोसमांच्या विक्रमाशी बरोबरी होणार होती. राइसचे ते मोसम १९८६ ते १९९६. त्याच्या जोडीला ख्रिस गॉडविन. २०१९, २०२१, २०२२ आणि २०२३ या चार मोसमांत या दोघांनीही हजार ओलांडले होते.

मग २१ ऑक्टोबर २०२४ ची रात्र आली. याच मैदानावर बाल्टिमोरविरुद्धच्या सामन्यात एव्हान्सच्या मांडीमागचा स्नायू दुखावला आणि पुढचे तीन सामने तो बाहेर बसला. गॉडविनचं त्याहून वाईट झालं. सामना हातातून गेला होता, शेवटचं मिनिट चालू होतं, तरी तो मैदानात होता. त्याचा घोटा निखळला. सात सामन्यांत ५७६ वार झालेले, आणि मोसम तिथेच संपला. संपलेल्या सामन्यात त्याला खेळवलंच कशाला, अशी टीका प्रशिक्षकांवर झाली. वहिनी मला हे सांगत होती तेव्हा तिच्या आवाजात अजून राग होता.

तर ५ जानेवारीला हिशेब असा होता. सामना जिंकला तर गटाचं विजेतेपद नक्की. आणि एव्हान्सला हवे होते ८५ वार. त्याच्या करारात या पल्ल्यांवर ३० लाख डॉलरचा बोनस असल्याचंही वर्तमानपत्रांत आलं होतं.

दुपारी बाराच्या आत आम्ही पोचलो. वाहनतळावर लोक गाड्यांच्या मागे शेगड्या मांडून मांस भाजत होते, मुलं चेंडू फेकत होती. आत फक्त पारदर्शक पिशवी नेता येते, त्यामुळे वहिनीच्या पर्समधले चकल्यांचे पुडे गाडीतच राहिले. पूर्वार्धात पाहुणे पुढे होते आणि आमच्या भागात शांतता होती. उत्तरार्धात टॅम्पाने सामना फिरवला. तोफा उडायला लागल्या की छातीत हादरे बसतात. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ मात्र प्रत्येक झेलानंतर तोफेकडे न बघता बोटांवर काहीतरी मोजत होते.

२७-१९ अशा आघाडीवर पाहुण्यांचा शेवटचा प्रयत्न फसला आणि चेंडू टॅम्पाकडे परत आला. घड्याळात मिनिटभरही उरलं नव्हतं. अशा वेळी क्वार्टरबॅक चेंडू हातात घेऊन गुडघा टेकतो, घड्याळ पळतं आणि सामना संपतो. मला वाटलं आता निघायचं. पण कुणीच उठेना.

"दादा, जिंकलो ना? मग हे सगळे उभे का?"

"अगं, त्याचे ऐंशी झालेत. पाच वार बाकी आहेत."

बेकर मेफिल्डने गुडघा टेकला नाही. चेंडू घेतला आणि एव्हान्सकडे छोटीशी फेक केली. एव्हान्सने झेलला आणि पळाला. नऊ वार. बेरीज १००४. संघातली मुलं त्याच्यावर तुटून पडली. शेजारच्या गृहस्थांनी बोटं मिटली आणि टोपी काढून डोळे पुसले.

परतीच्या वाटेवर गाडीत वाद झाला. वहिनीचं म्हणणं, हा वेडेपणा होता. गॉडविनचा पाय असाच, निकाल लागलेल्या सामन्यात गेला. तीच चूक पुन्हा करायची? फेक चुकून पाहुण्यांच्या हातात पडली असती तर आठच गुणांची आघाडी होती. दादा म्हणाला, अकरा वर्षं ज्याने संघासाठी अंगावर धडका घेतल्या, त्याच्यासाठी संघाने एक डाव खेळायचा नाही?

मला आपलं क्रिकेट आठवत होतं. मार्च २००४, मुलतान. सचिन १९४ वर नाबाद आणि कर्णधार राहुल द्रविडने, ज्याचा जन्म आपल्या इंदूरचा, ६७५ वर डाव घोषित केला. घराघरांत भांडणं झाली. भारत एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला, पण सहा धावांची चर्चा आजही थांबलेली नाही. त्याहून जुनी गोष्ट भाऊसाहेब निंबाळकरांची, जे होळकर संघाकडूनही खेळले. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ते ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊच धावा कमी होत्या. समोरच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना पुढे अधिकृत कसोटी एकही खेळायला मिळाली नाही.

आपण विक्रमासाठी खेळणाऱ्याला चटकन स्वार्थी म्हणतो. माझ्या मते प्रश्न दोनच विचारावेत. त्या आकड्यासाठी संघाचं काही हिरावलं जातंय का? आणि तो आकडा हवाय कुणाला, एकट्याला की सगळ्यांना? मुलतानला वेळ हवा होता, पाकिस्तानचे वीस गडी बाद करायचे होते, म्हणून द्रविडचा निर्णय मला पटतो. पुण्यात संघाचं काहीच जात नव्हतं. गेलं ते फक्त एका खेळाडूचं. टॅम्पात विजय जवळजवळ हातात होता आणि धोका लहान होता. वहिनीची भीती खोटी नव्हती, पण गॉडविनच्या वेळी त्या डावातून कुणालाच काही मिळणार नव्हतं. इथे मेफिल्ड, रांगेतले धिप्पाड रक्षक आणि स्टेडियम भरून माणसं, सगळ्यांना ते पाच वार हवे होते. रिसीव्हरच्या नावावर जमा होणारा प्रत्येक वार आधी कुणीतरी फेकलेला आणि कुणीतरी रेटून धरलेला असतो. बोनसचे पैसे त्याचे एकट्याचे होते. हजारचा आकडा मात्र त्या दिवशी सगळ्यांचा होता.

पुढच्या आठवड्यात वॉशिंग्टनने टॅम्पाला २३-२० असं हरवलं आणि मोसम संपला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटच्या सामन्यात एव्हान्सचं कॉलरबोन मोडलं. त्या मोसमात तो हजारच्या जवळपासही पोचला नाही आणि मालिका अकरावर थांबली. त्या दुपारी मेफिल्डने रिवाजाप्रमाणे गुडघा टेकला असता तर ती दहावर थांबली असती आणि राइसची बरोबरी कधीच झाली नसती. ही बातमी आली तेव्हा मी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं त्यांनी तेव्हा फेकला."

ऑरलँडोला गेलात तर एक दिवस टॅम्पासाठी काढा, गाडीने दीड तासाचा रस्ता आहे. सकाळी ईबोर सिटीत कोंबड्यांमधून वाट काढत कॉफी प्या. सप्टेंबर ते जानेवारीत गेलात आणि तिकीट मिळालं तर सामना बघा, शेवटचा भोंगा वाजेपर्यंत. घरातल्या मुलांना सोबत न्या आणि त्यांना वार मोजायला लावा.