भात येऊ दे

बदलीचा हुकूम हाती पडला तेव्हा डहाणूबद्दल मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या : चिकू, आणि गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक. मी सांगोल्याकडची. आमच्या गावी पावसाची वाट बघावी लागते. इथे मसोलीत खोली घेतली आणि जूनच्या पावसाने दार इतकं फुगलं की ते लावायला खांदा द्यावा लागे. शाळेतल्या सहकाऱ्यांनी कौतुकाने यादी करून दिली. पारनाक्याचा समुद्र, घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्या, बहरोटची लेणी, विवळवेढ्याची महालक्ष्मी, गंजाडची वारली चित्रं आणि तारपा. रविवार आला की यादी पर्समध्ये घालून मी निघायची.

पारनाक्यावर गेले तर सुरूच्या झाडांमागे गढूळ, खवळलेलं पाणी आणि वर ओढून ठेवलेल्या होड्या. 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक होड्या घालायला बंदी असते, हे तिथे जाळी विणत बसलेल्या मावशींनी सांगितलं. बहरोटचं नाव काढलं तर सगळ्यांनीच हात जोडले, पावसात त्या डोंगरावर पाऊल ठरत नाही म्हणाले. पारशांचं संजाण शत्रूच्या हाती पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी याच लेण्यांमध्ये बारा वर्षं जपला, आणि पुढे गावोगाव फिरत तो 1742 मध्ये उदवाड्याला स्थिरावला. हे सगळं मी खोलीत बसून वाचलं. चिकूचा बाग मात्र बारमाही हिरवा. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण या वाड्या आज उभ्या आहेत त्यामागे 20 जून 1991 ची अधिसूचनाही आहे. तिने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि कारखान्यांना वेसण घातली.

राहिला तारपा. वर्गातल्या एका मुलीचा आजा तारपा वाजवतो असं कळलं, तेव्हा तिच्याबरोबर पाड्यावर गेले. कुडाच्या भिंतीवर, चुलीच्या धुराला लागेल असा तो टांगलेला होता. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानाचा कर्णा. “थोडा वाजवून दाखवाल का?” असं विचारलं. आजा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “आता नाय, बाई. भात येऊ दे.”

मला काही उमजेना. 9 ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाची मिरवणूक निघाली, तेव्हा भर पावसात, भर रस्त्यात तारपा वाजत होता. मी पुन्हा त्या मुलीला विचारलं, तिने घरी विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आणलं : तो मिरवणुकीचा, हा घरचा. मिरवणुकीतला तारपा ‘आम्ही इथे आहोत’ हे सांगायला वाजतो, त्याला महिना लागत नाही. घरचा तारपा नव्या भातासाठी असतो. भात तयार होऊ लागल्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस त्याचे.

त्या उत्तरापाशी माझी यादी बाजूला पडली. इथे कुठे जायचं हे विचारण्याआधी कोणता महिना चालू आहे ते विचारावं लागतं, आणि ते पंचांग भिंतीवरच्या कॅलेंडरात सापडत नाही.

मग एकेक दार आपल्या वेळेला उघडू लागलं. नारळी पौर्णिमेला धाकटी डहाणूला गेले. रंगवलेल्या होड्या, सोन्याचा वर्ख लावलेला नारळ, ठेवणीतल्या लुगड्यांतल्या बायका. पण त्या दिवशी बोलणं सारखं वाढवण बंदराकडे वळत होतं. 30 ऑगस्ट 2024 ला त्या बंदराची पायाभरणी झाली, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून हा किनारा त्याच्याविरुद्ध झगडतो आहे. मासळी अंडी घालते ती जागा भरावाखाली गेली तर पुढे नारळ कुणाला वाहायचा, असं एका म्हाताऱ्या बाईंनी मला, एका परक्या मास्तरणीला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही, आणि तो प्रश्न मला सोडत नाही.

आश्विन वद्य द्वादशीला आमच्याकडे वसुबारस. गाय-वासराची पूजा झाल्याशिवाय दिवाळी लागत नाही. इथे त्याच दिवशी वाघबारस. गुरं चारणारे लोक रानाच्या कडेला असलेल्या वाघोबाच्या शेंदरी दगडापुढे नारळ फोडतात. आम्ही गाय पुजतो. इथे गाय ज्याच्यापासून राखायची त्यालाच आधी नमस्कार. सांगोल्याच्या आईला फोनवर हे सांगितलं. ती थोडं थांबून म्हणाली, “बरोबरच आहे की गं.”

आणि तारपा. कापणी चालू झाल्यावर त्या मुलीने वर्गाच्या दाराशी येऊन नुसतं सांगितलं, “आज रात्री.” अंगणात विजेचा दिवा नव्हता. आजा मधोमध उभा, आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेली पोरं-पोरी. पुढच्याच्या हातात काठी. ती जमिनीवर आपटली की पावलं बदलत. तारपा जिकडे वळेल तिकडे रांग वळते, तारप्याला पाठ दाखवायची नाही. आजाचे गाल फुगलेले, श्वास नाकाने आत जात होता आणि सूर तुटतच नव्हता. मी कोपऱ्यात उभी राहायला जागा शोधत होते. जागाच नव्हती, कारण बघायला उभं असं कुणीच नव्हतं. म्हाताऱ्या बायका, कडेवरचं मूल सावरणाऱ्या सुना, सगळे कधी ना कधी रांगेत शिरत. माझ्या विद्यार्थिनीने मला ओढलं. पहिल्यांदा पाय चुकत राहिले, मग सूर जरा जड झाला की वळण येणार हे पायांनाच कळू लागलं. रांग गुंडाळत गुंडाळत आत जाई आणि पुन्हा उलगडत बाहेर येई. रंगमंचावर मी तारपा नाच अनेकदा पाहिला होता, पण तिथे नाचणारे प्रेक्षकांकडे तोंड करतात. इथे सगळ्यांची तोंडं त्या वाद्याकडे होती. हा फरक मला अंगणातच कळला.

हाच फेर वारली चित्रांत असतो, हे नंतर गंजाडला गेले तेव्हा डोळ्यांसमोर आलं. जिव्या सोमा म्हसे यांचा कळंबीपाडा तिथलाच. लहानपणी आई गेली आणि त्यांचं बोलणंच थांबलं, मातीत काढलेल्या आकृत्या हीच त्यांची बोली झाली. 2011 मध्ये पद्मश्री, 2018 मध्ये निधन. पण मी थक्क झाले ते दुसऱ्याच गोष्टीने. म्हसे जपानला जाऊन राहिले होते. निगाता प्रांतातल्या तोकामाची या गावी मिथिला म्युझियम आहे. तोकिओ हासेगावा यांनी 1982 मध्ये ते एका जुन्या शाळेत सुरू केलं, आणि मधुबनी-वारलीच्या कलाकारांना बोलावून तिथे चित्रं काढून घेतली. तोकामाची म्हणजे जगातल्या सर्वांत बर्फाळ वस्त्यांपैकी एक. 1950 पासून तिथे फेब्रुवारीत हिमोत्सव भरतो. गल्लोगल्लीचे लोक आपापल्या दाराशी बर्फाच्या मूर्ती उभ्या करतात. ज्या बर्फाने वाट अडते त्याचाच सण. वाघबारस पाहिलेल्या मला हे लगेच समजलं.

लग्नसराईत आणखी एक चित्र पाहिलं, आणि हे मात्र कागदावरचं नव्हतं. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी बांबूच्या काडीने, तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहीत होत्या. मध्ये पालघट देवी, भोवती झाडं, पक्षी, घोड्यावरचे नवरा-नवरी. चौकाशिवाय लग्न नाही, आणि लग्न लावणारी भटजी नव्हे, धवलेरी. तीच गाणी म्हणत विधी पार पाडते. मी भिंतीला टेकून बसले आणि परुळेकरबाईंच्या पुस्तकातले लग्नगडी आठवले. याच लग्नासाठी सावकाराकडून काढलेलं कर्ज फेडण्याकरता नवरा-बायको दोघंही त्याच्या घरी जन्मभर राबत. मे 1945 मधल्या झरीच्या सभेपासून तलासरी-डहाणूत आदिवासींचा जो उठाव पेटला, त्याने ही वेठ मोडली. समोरची नवरी हळदीने माखलेली, हसत होती. तिच्या पणजीच्या चौकाला केवढी किंमत मोजावी लागली असेल, हे मनातून जाईना. वारली चित्र असलेला कप किंवा पिशवी घेताना हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

चैत्री पौर्णिमेला महालक्ष्मीची यात्रा लागते ती पुढे पंधरवडाभर. महामार्गावर चारोटीच्या पुढे विवळवेढ्याला पायथ्याचं देऊळ आहे, देवीचं मूळ ठिकाण वर डोंगरावर. चढताना थकलेल्या गरोदर बाईसाठी देवी खाली उतरली, असं सांगतात. यात्रेत डोंगराच्या सुळक्यावर ध्वज चढतो, जव्हारच्या मुकणे घराण्याकडून आलेला. तो घेऊन मध्यरात्री निघतो तो वाघाडीचा आदिवासी पुजारी. खाली हजारो माणसं मान वर करून अंधारात बघत होती. मला काहीच दिसलं नाही. शेजारची बाई मात्र “लागला, लागला” म्हणत हात जोडत होती आणि तिच्या आवाजावर विश्वास ठेवून मीही जोडले.

यात्रेचा बाजार दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला. पाळणे आणि बांगड्या होत्याच, पण खरी गर्दी सुक्या मासळीपाशी. बोंबील, जवळा, कांदे, मिरच्या, टोपल्या. पावसाळ्याचे चार महिने घर चालवायची बेगमी. बायका बोंबील वाकवून, वास घेऊन, घासाघीस करून घेत होत्या. मला कसा निवडायचा ते कळत नव्हतं, तेव्हा धाकटी डहाणूच्या एका विक्रेतीने स्वतःच निवडून दिला आणि पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवायला बजावलं.

तिनेच आणखी एक सांगितलं. भाद्रपदात पितृबारशीला महालक्ष्मीला पुन्हा छोटी यात्रा भरते. पाहुण्यांच्या यादीत ती नसते. रानातली नवी काकडी, नवी भाजी आधी देवीला देतात, मग घरात खातात. यंदा तिथे जायचं ठरलं आहे. मुलीच्या आजाने बरोबर यायला सांगितलंय, आणि मी शाळेत अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्जही देऊन ठेवला आहे.