आधी ओळखीचा प्रश्न विचारा

पूर्वसंशोधनाच्या आढाव्यासाठी कोणतं एआय साधन घ्यावं, असं पीएच.डी.चे विद्यार्थी हल्ली विचारतात. मी सांगतो, ज्या विषयात तुमचं वाचन पक्कं आहे, त्यातला प्रश्न आधी त्याला विचारा. अनोळखी विषयात त्याचं प्रत्येक उत्तर पटतं, कारण ते ठामपणे बोलतं.

माझा ओळखीचा प्रश्न विठ्ठलाचा. पंढरीच्या या देवाच्या मुळाबद्दल आजवर कोणी काय मांडलं, असं एका साधनाला विचारलं. बघता बघता नेटकं कोष्टक समोर आलं : लेखक, वर्ष, निष्कर्ष. देल्यूरी यांचं 1960चं इंग्रजी पुस्तक त्यात होतं. रा. चिं. ढेरेही होते, पण 2011चे! ते वर्ष अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या इंग्रजी अनुवादाचं. मूळ ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ 1984चा, 1987 साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. 27 वर्षांचा हा फरक किरकोळ नाही. कोण आधी म्हणालं आणि कोण मागून, हे ठरवण्यासाठीच तर आढावा घ्यायचा. या कोष्टकात मात्र 1990च्या दशकात ढेऱ्यांचा आधार घेऊन लिहिणारा अभ्यासक ढेऱ्यांच्याही आधी जाऊन बसतो.

याचं कारण उघड आहे. एलिसिटसारखी साधनं सिमँटिक स्कॉलरसारख्या संग्रहांत शोध घेतात. तिथे कोट्यवधी निबंध आहेत, पण भरणा इंग्रजीचा. पूर्ण निबंध खुला नसेल तर पुष्कळदा सारांशावरच भागवलं जातं. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकाच्या जुन्या अंकातला किंवा एखाद्या गौरवग्रंथातला मराठी लेख तिथे दिसणार कुठून?

मला धास्ती वाटते ती एका वाक्याची : ‘या विषयावर फारसं संशोधन झालेलं नाही.’ यंत्राला सापडलं नाही म्हणून ते प्रबंधात बिनदिक्कत उतरतं, आणि ज्यांनी त्या विषयावर हयात घालवली त्यांचं काम पुसलं जातं. शं. ग. दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली. ती एकदा चाळली, तरी असं वाक्य लिहिताना हात थबकतो.

इंग्रजीतलं नवं लेखन गोळा करायला ही साधनं खरोखर कामाची आहेत. मीही ती वापरतो. फक्त कोष्टकातल्या प्रत्येक ओळीमागचा मूळ निबंध उघडून वाचावा लागतो.

मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. विद्यार्थ्याने ‘संशोधन झालेलं नाही’ असं लिहिलं, की कुठे कुठे शोधलं ते विचारा. उत्तरात एकाही ग्रंथालयाचं नाव नसेल, तर ते प्रकरण परत करा.