एका घराचे रंग

घराला रंग काढायचं ठरलं की सगळ्यात आधी घरात येतं ते शेडकार्ड. माझ्या मते ते सगळ्यात शेवटी यायला हवं. शेकडो छटांची ती पुस्तिका टीपॉयवर उघडली की घरातला प्रत्येक जण आपापला चौकोन शोधायला लागतो. हॉल काकांच्या पसंतीचा, बेडरूम मुलीच्या, स्वयंपाकघर काकूंच्या. प्रत्येक रंग आपल्या जागी चांगलाच असतो. काम झाल्यावर मात्र दारातून आत पाहिलं की काहीतरी बिनसलेलं वाटतं, आणि नेमकं काय ते कुणालाच सांगता येत नाही.

घरांचे रंग ठरवून देणं हे माझं बरीच वर्षं चालू असलेलं काम आहे. पहिल्या भेटीला मी शेडकार्ड नेत नाही. साधे कोरे पांढरे कागद नेते आणि ते जमिनीवर ठेवते. भिंतीचा रंग आठ-दहा वर्षांनी बदलतो. फरशी बहुतेक घरांत घराइतकीच टिकते. तेव्हा रंगाची निवड फरशीपासून सुरू व्हायला हवी. शहाबादी निळसर करडी असते, कोटा हिरवट. जुन्या चाळीतल्या आणि बंगल्यांतल्या मोझॅकमध्ये चार-पाच रंगांच्या चिपा असतात आणि त्यांतली कुठलीही एक चीप भिंतीसाठी उचलता येते. अवघड जाते ती हल्लीची ‘आयव्हरी’ व्हिट्रिफाइड टाइल. नुसती पाहिली तर ती बिनरंगाची वाटते. तिच्यावर कोरा कागद ठेवा, म्हणजे ती खरी कोणत्या बाजूची आहे ते कळतं. कुणाची गुलाबीसर निघते, कुणाची पिवळसर, एखादीची चक्क हिरवट. गुलाबीसर फरशीवर हिरवट ऑफव्हाइट भिंत आली की फरशी कितीही पुसली तरी कळकट दिसते आणि भिंत आजारी. दोष दोघींचाही नसतो, तो शेजाराचा असतो.

शेजाराचा हा कायदा नीट मांडला तो मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. 1824 मध्ये तो पॅरिसच्या गोब्लँ या विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथे काळ्या धाग्याबद्दल तक्रारी होत्या, तो पुरेसा काळा दिसत नाही म्हणून. शेव्हरलने तपासलं तर रंगाईत खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणल्यामुळे तो काळा फिका पडत होता. 1839 मध्ये त्याने यावर ग्रंथच लिहिला. रंगाचं दुकान असो की घर, मला रोज या माणसाची आठवण होते, कारण समोरचा माणूस एकट्या चौकोनाकडे बोट दाखवून विचारत असतो, “हा कसा आहे?” एकटा रंग कसाच नसतो. तो कशाच्या शेजारी आहे हे कळल्याशिवाय मला उत्तर देता येत नाही.

फरशीनंतर उजेड. परदेशी पुस्तकांत उत्तरेच्या खोलीला ऊन मिळत नाही म्हणून उबदार रंग द्या, असं ठोकून दिलेलं असतं. आपल्याकडे ते तसंच्या तसं लागू होत नाही. पुणं साडेअठरा अंशांवर आहे. मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीलाही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळतं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. उलट डिसेंबरात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत चांगलं आतपर्यंत येतं. नागपूरच्या उन्हाळ्यात डोळे निवायला हवेत म्हणून लोक फिकट निळा-हिरवा मागतात, आणि ते बरोबर आहे. कोकणात चार महिने ढगांचा करडा उजेड आणि खिडकीबाहेर हिरवंगार. तिथे शुभ्र पांढरी भिंत निळसर, ओलसर दिसते. जांभ्याच्या घरात तर मी कधीही शुभ्र पांढरा सुचवत नाही. जांभ्याशेजारी किंचित पिवळ्याकडे झुकणारा दुधी रंगच शोभतो.

खिडकीबाहेर काय आहे तेही पाहायचं. समोरच्या इमारतीची भिंत विटकरी असेल तर दुपारी तुमची पांढरी भिंत गुलाबी होते. झाड असेल तर पावसाळ्यात हिरवी. आणि रात्री तर वेगळंच घर असतं. आपल्याकडे पांढऱ्याशुभ्र उजेडाचा सोस फार. 6500 केल्विनच्या ट्यूबखाली बदामी आणि गव्हाळ रंग मेल्यासारखे होतात. तेच 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली फुलतात. दोन रंग दिवसा जुळतात आणि रात्री जुळत नाहीत, हेही खरं आहे. मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस साडीवर ठेवून बायका ती दुकानाच्या दाराशी, बाहेरच्या उजेडात नेऊन पाहतात ना, अगदी तेच भिंतीच्या बाबतीत करावं लागतं. फरक इतकाच की भिंत दाराशी नेता येत नाही, म्हणून नमुना भिंतीपाशी न्यावा लागतो. म्हणून दिवे आधी ठरवा, रंग नंतर.

आता मुख्य गोष्ट. रंग एकमेकांशी जुळतात कशाने? पुष्कळजण सांगतात की एकाच रंगाच्या तीन छटा घ्या, फिकी, मधली, गडद. त्यात चूक होत नाही, पण घर कंटाळवाणं होतं. मला वेगळी वाट पटते. डीलरच्या मशीनमध्ये पांढऱ्या बेसमध्ये थेंबाथेंबाने रंगद्रव्यं पडतात. यलो ऑक्साइड, रेड ऑक्साइड, काळा, निळा, हिरवा, आणखी काही. कुठल्या शेडमध्ये काय किती पडतं ते मशीनच्या पडद्यावर दिसतं, विचारलं तर दुकानदार दाखवतो. ज्या शेडमध्ये एक-दोन द्रव्यं समान असतात, त्या नावाने आणि दिसण्याने कितीही वेगळ्या असोत, एका घरात नांदतात. जुने रंगारी मशीनशिवाय हेच करायचे. एका डब्यातला थोडा रंग दुसऱ्या डब्यात टाकायचे, आणि भडक रंगाला चिमूटभर काळा किंवा गेरूसारखा तांबडा देऊन शांत करायचे.

कोथरूडमधलं एक घर सांगते. तिसरा मजला, हॉल पश्चिमेला, खिडकीला लागून रेनट्री. फरशी गुलाबीसर आयव्हरी, दारं सागवानी लॅमिनेटची, स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा. काकांना हॉल पांढरा हवा होता. काकूंना स्वयंपाकघर पिस्ता, कारण माहेरचं तसं होतं. मुलीला तिच्या खोलीला राखाडी. तिघांनी निवडलेल्या शेड्स मी मशीनवर उघडून पाहिल्या. पांढऱ्यात निळ्याचा अंश, पिस्त्यात झगझगीत हिरवा आणि लिंबासारखा पिवळा, राखाडीत काळा आणि निळा. तिन्हींत समान असं एकसुद्धा द्रव्य नव्हतं.

मी कुणाचाही रंग नाकारला नाही. तिन्ही रंगांत यलो ऑक्साइड आणि थोडा काळा येईल अशा त्यांच्याच जवळच्या शेड्स शोधल्या. पांढरा दुधी झाला. त्यात यलो ऑक्साइड, रेड ऑक्साइडचा अगदी थोडा अंश आणि काळ्याचा थेंब. पिस्ता जरा धुरकट झाला. राखाडीतला निळा गेला आणि तो राखेच्या जवळ आला. दोन-दोन फुटी प्लायच्या तुकड्यांवर प्रायमर आणि दोन हात मारून आमच्या रंगारी मामांनी नमुने तयार केले. मग आम्ही पॅसेजमध्ये अशा जागी उभे राहिलो, जिथून हॉलची भिंत, स्वयंपाकघराची उभी फट आणि मुलीच्या खोलीचं दार एकदम दिसतं. आधी मूळ निवडीचे नमुने त्या-त्या भिंतीला टेकवले, मग नवे. काकू बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, पिस्ता तोच आहे, पण आता ओरडत नाहीये.” मुलीला तिची राखाडी आधीपेक्षा जास्त आवडली, कारण सागवानी दाराशेजारी ती आता थंड वाटत नव्हती. पिस्त्यामुळे स्वयंपाकघरातल्या फरशीचा गुलाबी अंश थोडा वर आला, शेव्हरलने सांगितल्याप्रमाणेच, आणि त्या फरशीला पहिल्यांदा स्वतःचा रंग मिळाला.

पॅसेजमधली ती जागा प्रत्येक घरात असते. बहुतेक फ्लॅटमध्ये ती मुख्य दाराच्या आत दोन पावलांवर किंवा बेसिनपाशी सापडते. तिथून एकाच नजरेत जितके रंग येतात तितकेच एकमेकांशी जुळवायचे. बंद दाराआडच्या खोलीला हवी तेवढी मोकळीक द्या.

हायलाइट वॉलबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. टीव्हीमागची एक भिंत गडद करायची ही पद्धत मला बहुतेक घरांत अनावश्यक वाटते. करायचीच असेल तर खिडकी असलेली भिंत कधीही गडद करू नका. गडद भिंतीत खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो आणि भिंत आणखी काळवंडते. खिडकीच्या समोरची भिंत निवडा, तिच्यावर उजेड पडतो, रंग खुलतो. आणि तो गडद रंग घरात आधीपासून असलेल्या वस्तूतून घ्या. देवघराचं लाकूड, आजोबांच्या वेळचा तांब्याचा बंब, भिंतीवर लावलेलं पैठणीचं तुकडा-चित्र. डाळिंबी, मोरपंखी, आमसुली हे रंग आपल्या घरांत कपाटात घडी घालून ठेवलेले असतातच.

घरातल्या वयस्कर माणसांचा विचार रंग ठरवताना फार कमी होतो, आणि याची मला खरोखर काळजी वाटते. वाढत्या वयात डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं. निळ्यातले बारीक फरक कळेनासे होतात, मंद उजेडात कडा हरवतात. आजींच्या खोलीत पांढरी भिंत, पांढरा स्विचबोर्ड, पांढरी चौकट आणि बाथरूमचं पांढरं दार असलं तर रात्री उठल्यावर त्यांना दार शोधावं लागतं. तिथे भिंत आणि चौकट यांत ठळक फरक ठेवा, विटकरीसारखा एखादा उबदार रंग चौकटीला द्या. काही शेडकार्डांवर प्रत्येक छटेचा प्रकाश परत फेकण्याचा आकडा छापलेला असतो, शून्य ते शंभरच्या मापात. भिंत आणि चौकट यांच्या आकड्यांत मोठं अंतर हवं. दिसायला छान असण्याआधी ही खोली वापरायला निर्धोक असायला हवी.

छताबद्दल थोडंसं. छत पांढरंच हवं हे मान्य, पण दुधी भिंतीवर झगझगीत पांढरं छत निळसर दिसतं आणि भिंत मळकी. भिंतीच्याच शेडचं प्रमाण पाव किंवा निम्मं करून डीलर छतासाठी रंग काढून देतो. चकाकीचंही तसंच. तोच रंग मॅटमध्ये वेगळा आणि शीनमध्ये वेगळा दिसतो; शीनमध्ये भिंतीचे उंचवटे बाजूच्या उजेडात उघडे पडतात. स्वयंपाकघरात धुण्यासाठी शीन चालेल, हॉलमध्ये मला मॅटच आवडतो.

नमुना मात्र मोठाच हवा. शेडकार्डावरचा चौकोन आणि चार भिंतींचा रंग यांत नेहमी फरक पडतो, कारण खोलीत समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात आणि कोपऱ्यांत तो दाट होतो. फिकट वाटणारी अबोली खोलीभर झाली की चांगलीच गुलाबी होते. म्हणून निवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी शेडही नमुन्यात ठेवावी. इमल्शन ओलं असताना उजळ दिसतं, वाळल्यावर किंचित गडद होतं. चुन्याचं नेमकं उलट, तो वाळतावाळता पांढरा होतो. जुन्या वाड्यांतून चुन्यात नीळ घालायचे ती याच पांढऱ्याचा पिवळेपणा जावा म्हणून. ओल्या भिंतीवरून निर्णय घेऊ नका. नमुना सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर पाहा. नव्या गिलाव्यावर लगेच रंग लावू नका. त्यातला ओलावा आणि क्षार काही रंगांना फिके पाडतात. गणपतीआधी घाईने उरकण्यापेक्षा पाऊस ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या मध्ये काम काढलेलं बरं.

काम संपलं की प्रत्येक खोलीच्या रंगाचा शेड नंबर, बेस, फिनिश आणि डब्यावरचा बॅच नंबर एका कागदावर लिहून घ्या. जमलं तर रंगद्रव्यांचं प्रमाणही डीलरकडून मागून घ्या. तो कागद लाइट बिलाच्या फाइलमध्ये ठेवा. पुढे भिंतीला कुठे खिळा ठोकला, पोपडा आला, किंवा एखादी खोली बदलावीशी वाटली, तर नवा रंग त्या कागदावरून शोधायचा.